न उचललेला हात

रविवार, संध्याकाळ. सिंदी.

पाहुणे गेले, पण गजानन काही डोळ्यांपुढून हलत नाही.

ठाण्याला आमच्या यहुदी समाजाच्या पोरापोरींचे सामने आहेत. माझ्या पोरीची, दीनाची, कबड्डीत निवड झाली, म्हणून आज घरी आभाराचा मलिदा केला. गावात यहुदी घर आमचं एकच, त्यामुळे हिब्रू आशीर्वाद मीच म्हटला आणि मलिद्याचे गोड पोहे शेजाऱ्यांना वाटले. नाचणगावहून गजाननही आला. काऊन बोलावलं मी त्याले?

पोरगी त्याला कौतुकानं सांगू लागली, "काका, पंचानं नाई पाह्यलं तरी टच झाला का आपणच हात वर करून बाहेर जावं. बाबांनीच शिकवलं. ते असेच खेळत."

वीस वर्षांपूर्वीच्या फायनलमध्ये समोरच्या संघाकडून गजाननची शेवटची चढाई होती. त्याची बोटं माझ्या खांद्याला लागली. पंचाला दिसलं नाही, आणि माझा हात वर गेला नाही. त्या एका गुणावर जिंकलेली शिल्ड आज त्याच्याच डोक्यावर, भिंतीला टांगलेली होती.

तो माझ्याकडे बघेल असं वाटलं. बघितलं नाही.

"बराबर शिकवलं तुह्या बापानं. असंच खेळजो, बेटा," म्हणाला, आणि मलिद्यासाठी ताट पुढे केलं.

शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

दीना अंगणात सराव करते आहे. हात वर, रेषेबाहेर. पुन्हा हात वर. आत्ता तिला खरं सांगायला उठलो, दारापर्यंत गेलो.

"बाबा, बराबर?" तिनं विचारलं.

"बराबर," म्हणालो, आणि आत आलो.