पाट मांडू नकोस

प्रिय स्मिता,

‘प्रिय’ सवयीने लिहिलं, त्यावर फार जाऊ नकोस. तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र.

त्या रविवारी तू अळूवड्या घेऊन टॅम्पिनीसला आमच्या घरी आलीस. आमच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत घरकाम करणाऱ्या फिलिपिनो मुली बसल्या होत्या, सगळ्या चोवीस-पंचवीस वर्षांच्या. मध्ये तुझ्याकडे कामाला असलेली लिझेल. सुट्टीच्या दिवशी ती त्यांना मॅडमशी बोलायला शिकवते. आवाज चढवायचा नाही आणि मानही खाली घालायची नाही. एकीने मॅडम व्हायचं, दुसरीने सुट्टी मागायची. त्या दिवशी मॅडम लिझेल होती. कमरेवर हात, मान तिरकी, “सुट्टी कशाला? इथे काय शेत नांगरतेस?” मुली हसल्या. खांबाआड माझ्याशेजारी उभी राहून तूही खळखळून हसलीस. मग ती म्हणाली, “अगं लिझेल, ओटा कोण पुसणार, माझी सासू?” आणि तुझं हसू तिथेच थांबलं. ते ‘अगं’ तुझं होतं. नक्कल हुबेहूब होती, स्मिता. मी भाऊ आहे, मला कळतं.

घरी जाऊन तू तिला फैलावर घेतलंस. तिने शांतपणे सांगितलं, की गावी ती तरुणांच्या परिषदेची अध्यक्ष होती, मतं मिळवून निवडून आलेली. त्यावर तू म्हणालीस, बुकित तिमाहच्या माझ्या कॉन्डोत मला पुढारी नको. आणि शुक्रवारचं मनिलाचं तिकीट काढलंस.

आपल्या शाळेत पंधरा ऑगस्टला तुला भाषण करायचं होतं. सरपंचांसमोर मुलगी बोलणार म्हणून हेडमास्तर नको म्हणाले. तू ऐकलं नाहीस. झेंड्याखाली उभी राहून बोललीस आणि आप्पा मागे उभे राहून डोळे पुसत होते. ती मुलगी कुठे गेली, हे मी रोज संध्याकाळी रामरक्षा म्हणून झाल्यावर स्वतःला विचारतो. देव काही सांगत नाही. तू तरी सांग.

सेंगकांगच्या अनुजाताई लिझेलला ठेवून घ्यायला तयार आहेत. फक्त इथल्या नियमाप्रमाणे आधीच्या मालकिणीची, म्हणजे तुझी, संमती हवी. काल त्यांचा मला फोन आला. संकोचून विचारत होत्या, दादा, ती मुलगी चोरी करते का हो, स्मिता तसं म्हणाली. सुट्टी मागायला शिकवणाऱ्या पोरीचं तोंड बंद करायला तू तिला चोर ठरवलंस. मी त्यांना सांगितलं, माझी बहीण खोटं बोलते. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको, म्हणून लिहितो आहे.

पुढच्या आठवड्यात भाऊबीज. दर वर्षी मी तुला ओवाळणी घालत आलो, या वेळी मीच मागतो. गुरुवारपर्यंत संमती दे आणि अनुजाताईंना खरं काय ते सांग. शुक्रवारी ती विमानात बसली, तर माझ्यासाठी पाट मांडू नकोस. या वर्षी नाही, पुढेही नाही.

तुझाच, कारण ते आता बदलता येत नाही,
दिलीपदादा