चावडीवरची हजेरी

आबा,

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी, तुमचा पोरगा, आत्ता लिहितोय, राग मानू नका. चौथीपर्यंतच शिकलो, अक्षर वळणाचं नाही. आणि खरं सांगायचं तर तुमची भीती अजून गेलेली नाही.

नातीला नर्सिंगला जागा मिळाली आहे, पण जातीचा जुना पुरावा मागतात. माझ्या आटपाडीच्या शाळेच्या दाखल्यात तो रकाना कोरा. का कोरा, ते मला आठवतं. म्हसवड सोडून आलो त्याच आठवड्यात तुम्ही गुरुजींसमोर हात जोडून उभे आहात. "हिंदू लिवा. फुडचं कोरंच ऱ्हाऊ द्या, गुरुजी." बाहेर आल्यावर माझा कान पिळलात. "ते नाव परत तोंडातनं काडलंस तर याद राख."

म्हणून परवा नातीला घेऊन साताऱ्याला गेलो. जुन्या दप्तराच्या कचेरीतल्या बाईंनी म्हसवडच्या चावडीचं हजेरीपुस्तक काढलं. तुमच्या नावापुढे 'गुन्हेगार जमात', मग आपल्या जमातीचं ते नाव, मग रोजचे अंगठे. पुढच्या पानांवर कोणीतरी तांबड्या शाईने 'गुन्हेगार' खोडून 'विमुक्त' केलं आहे. खोडलेलं अजून वाचता येतं. तुम्ही कुणाची काडी चोरली नव्हती, तरी दिवेलागणीला तुमचं बोट धरून मी चावडीपुढं हजेरीच्या रांगेत उभा असायचो.

"आजोबा, ह्येच पायजे हुतं! लय झ्याक घावलं," नात म्हणाली. बाईंनी खात्रीसाठी तुमचं नाव मोठ्यानं वाचलं, आणि खोलीत कोणीतरी म्हणालं, "हाजीर, साहेब."

बाई दचकल्या. "आवं आजोबा, तुमचं नाव न्हाई पुकारलं!" नात हसत म्हणाली. आबा, माझे ओठ मिटलेले होते. आवाज तुमचा होता.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला दाराबाहेर चपला झाडल्याचा आवाज येतो. चावडीच्या पायरीशी तुम्ही काढून झाडायचात, तसाच. दार उघडतो, कोणी नसतं. पुस्तक उघडायला लावून मी तुम्हाला पुन्हा रांगेत उभं केलं की काय, हा घोर लागलाय. नातीला सांगितलं तर म्हणते, "तुमी लय इचार करता. त्या नावात लाजायचं काय?"

हे पत्र टाकणार कुठल्या पेटीत? उशाखालीच राहील. अर्ज सोमवारी द्यायचा आहे, पण कबूल करतो, ते नाव मी आजच त्यावर माझ्या हातानं लिहून टाकलं.

आबा, हजेरीचा कायदा कवाच उठला. आता कुणी पुकारलं तरी ओ देऊ नका. बसा खाली. बसलात की कळवा, लवकर.