ब्लीचिंगच्या बादलीतली निळी जर्सी

बाबा, आज दादरला एका हॉलमध्ये माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ आणि तोच किस्सा. निवेदकाने माईक पुढे केला, "सर, तो जर्सीचा किस्सा होऊन जाऊ दे!" मग मी सांगितला. माझ्या वडलांना वन-डे क्रिकेटचा भारी तिटकारा, म्हणून माझ्या पहिल्या मॅचच्या आदल्या दिवशी त्यांनी माझी निळी जर्सी ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवली आणि मी ती चट्टेरी जर्सी घालून खेळलो. लोक पोट धरधरून हसले. गेली वीस-बावीस वर्षं हसतायत. कार्यक्रम संपल्यावर एक म्हातारबाबा काठी टेकत माझ्यापाशी आले. तुमच्याच खात्यातले, गिरणीत तुमच्या शेजारी उभे राहायचे. म्हणाले, "तुझो बापूस कपड्याचा वाटोळा करणारो नव्हतो. खोटा बोलतंस तू." एवढं बोलले आणि चालू पडले. मी घरी आलो तो तुमच्यावरच भडकून. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली, तरी तुमच्या बाजूने भांडायला माणसं उभी राहतात! म्हटलं, आता लिहूनच टाकू. आधीच सांगतो, माफीबिफी मागायला बसलेलो नाही.

तीस वर्षं ब्लीचिंग खात्यात काढलीत तुम्ही. गिरणी बंद पडली तरी हात काही गप्प बसेनात, मग लालबागच्या खोलीतली मोरी हेच तुमचं खातं झालं. माझे क्रिकेटचे कपडे आईला हात लावू द्यायचा नाहीत. मॅचच्या आदल्या दिवशी बॅगेतून सगळा गठ्ठा काढायचा, तसाच ब्लीचिंग पावडरच्या बादलीत भिजवायचा, तासाभराने एकेक उचलून डाग चोळायचे, मग नीळ, मग गॅलरीतली दोरी. मैदानावर माझ्याइतके पांढरेफेक कपडे कोणाचेच नसत, हे मी कोणापुढेही कबूल करीन. पण तुमची ती कुरकुर! "बॅट्समनची पँट गुडघ्याक मळता, बोलरची मांडीक बॉल घासून लाल होता. तुझी दोनीकडे! दोघांचे कपडे मी एकट्याचे धुतंय." आई पदरात तोंड लपवून हसायची. मला मात्र ते लागायचं, कारण पुढचं वाक्य ठरलेलं असायचं. "कायतरी एक धर रे. एक ना धड, भाराभर चिंध्या."

तुम्ही स्वतः गिरणीच्या टीमचे स्पिनर. दिवसभर एका टोकाने टाकत राहायचात म्हणे. तुमच्या मते क्रिकेट म्हणजे तेवढंच. पन्नास ओव्हरचा खेळ म्हणजे तुम्हाला तमाशा वाटायचा आणि त्यातला माझ्यासारखा माणूस, सातव्या नंबरावर येऊन पंचवीस-तीस काढणारा आणि मधल्या ओव्हरी टाकणारा, म्हणजे तर सोंगाड्याच. मुंबईच्या वन-डे टीममध्ये माझं नाव आलं, चाळीत पेढे वाटले गेले, आणि तुम्ही सगळ्यांदेखत विचारलंत, "रंगीत कपडे घालून नाचूक तू दशावतारातलो राजा हस काय?" शेजारचे काका हसले. पेढा माझ्या हातातच राहिला. बाबा, त्या दिवशी तुमचा इतका राग आला होता ना, की काय सांगू.

मॅचच्या आदल्या दिवशी दुपारी मला जर्सी मिळाली. एकच. ऐन वेळी कोणाच्या तरी जागी घेतलेला मी, मला दुसरी कोण देणार? बॅग घरी टाकून मी परळला बॅटची ग्रिप बदलायला गेलो. संध्याकाळी येतो तर काय, तुम्ही मोरीत उकिडवे बसलेले, बादली पुढ्यात, आणि हातात माझी जर्सी. खांद्यावर निळी, पोटावर पांढरी, पाठीवर नकाशा. मी किंचाळलोच. "तीस वर्षं हेच काम केलंत, आणि रंगीत कपडा कळत नाही तुम्हाला? मुद्दाम केलंत!" तुम्ही माझ्याकडे बघता. हात तसेच ओले. "माका ती दिसूक नाय रे," एवढंच म्हणता. आई म्हणते, "अरे, असं बोलू नये." मी म्हणतो, "तू गप्प बस, यांना मी खेळायलाच नकोय." तुम्ही जर्सी पिळता, झटकता, दोरीवर नीट वाळत घालता. त्या रात्री तुम्ही जेवला नाहीत. माझं पोट मात्र भरलं, खोटं कशाला सांगू?

दुसऱ्या दिवशी ड्रेसिंग रूममध्ये एकच कल्ला. "काय रे, बांधणीची साडी फाडून शिवलीस काय?" कॅप्टन म्हणाला, "घाल तीच. नाहीतरी तुझ्याकडे कोण बघणार आहे?" पण बघितलं, बाबा! मधल्या ओव्हरीत स्लो बॉल टाकून दोघांना फसवलं आणि शेवटी चेंडू कमी, रन जास्त, अशा वेळी चाळीतल्या चिंचोळ्या चौकात शिकलो तसे जमिनीलगत फटके मारून मॅच काढून दिली. पुढे नऊ वर्षं टीममध्ये राहिलो. शतक एकही नाही. पाच विकेट एका डावात कधी नाहीत. पण कोणी जखमी झाला की मी, कोणाची लाईन बिघडली की मी, शेवटच्या ओव्हरला बॉल नको म्हणून सगळे बुटाच्या लेस बांधायला लागले की मी. चिंध्या म्हणायचात ना? त्या चिंध्यांची गोधडी झाली आणि नऊ वर्षं टीमने ती पांघरली. मला माझ्या खेळाची रत्तीभर खंत नाही, आणि तुम्ही आत्ता समोर असतात तरी आवाज चढवून हेच सांगितलं असतं.

लोक मला समजावतात, अरे, बाप होते, गुपचूप टीव्हीवर बघत असतील. छे! नाही बघितलंत. शेजाऱ्यांकडे टीव्ही लागला की तुम्ही चिंचपोकळीपर्यंत पाय मोकळे करायला जायचात. शेवटपर्यंत हट्टी राहिलात, आणि खरं सांगू, मला ते आवडतं. मीही तुमचाच ना. फक्त त्या दिवसानंतर तुम्ही माझ्या कपड्यांना हात लावला नाहीत. पांढऱ्यासुद्धा. आई धुवायची, आणि तुम्ही गॅलरीत पाठमोरे उभे राहायचात.

हे पत्र कोणाला दाखवणार नाही. त्या म्हातारबाबांना तर नाहीच, त्यांच्यापुढे उभं राहायची माझी छाती नाही. तुमच्यापर्यंत पोचणार नाही म्हणूनच लिहितोय. ती जर्सी मीच पांढऱ्या पँटीच्या आत गुंडाळून, पँटीची घट्ट सुरळी करून ठेवली होती, तुमच्या नजरेला पडू नये म्हणून. तुम्ही नेहमीसारखा सगळा गठ्ठा भिजवलात. तुम्हाला ओरडत होतो तेव्हाही मला हे माहीत होतं. मला त्या जर्सीची लाज वाटत होती, बाबा.