विमान लोमॅक्सला उतरलं

सोमवार, १२ जानेवारी

बऱ्याच दिवसांनी वही उघडली. ऑक्टोबरनंतर एक ओळ नाही, याबद्दल स्वतःचीच माफी मागतो. कारण प्रामाणिकपणे नोंदवतो. आमच्या गावच्या कॉलेजची फुटबॉल टीम, टॉम्बिग्बी स्टेट, एकामागून एक सामने हरत होती, आणि त्या काळात मनात जे येत होतं ते सुशिक्षित माणसाने लिहून ठेवण्यासारखं नव्हतं.

आज लाइन कोचला काढलं. फार उशीर केला. पाच धिप्पाड पोरांनी चेंडू हाताने फेकणाऱ्या आपल्या क्वार्टरबॅकसमोर भिंतीसारखं उभं राहायचं असतं. आमची भिंत यंदा पडद्यासारखी बाजूला सरकत होती. आता जागा रिकामी आहे आणि अख्खं गाव उमेदवार सुचवतंय.

संकल्प: 'बगळ्यांचा अड्डा' या फॅन फोरमवर (बगळा हे आमच्या टीमचं चिन्ह) या वेळी भांडायचं नाही. फक्त वाचायचं. तिथे माझं नाव 'तटस्थ बगळा' आहे, हे कोणालाही माहीत नाही. लॉरेललासुद्धा नाही. लपवण्यासारखं काही नाही, पण बायकोला सगळं सांगायलाच हवं असंही नाही.

बुधवार, १४ जानेवारी

पेच. हॉयटने त्या जागेसाठी अर्ज केला आहे. हॉयट म्हणजे लॉरेलचा धाकटा भाऊ. सहा वर्षं टीमच्या फिल्म रूममध्ये अंधारात बसून सामन्यांचे तुकडे पाहतो. हुद्दा ॲनालिस्ट. मैदानावर त्याला कुणी ओळखत नाही.

लॉरेल म्हणाली, या वेळी नाही मिळालं तर तो गाव सोडणार. आमच्या कट्टर वैऱ्यांनी, कहाबा टेकने, त्याला याच कामासाठी विचारलं आहे. कहाबा टेक! ती खेचरं! (त्यांच्या टोपीवर खरंच खेचर असतं. त्यांना त्याचा अभिमान आहे, यातच सगळं आलं.) हॉयट गेला तर सासूबाईही त्याच्याबरोबर जातील, असं तिला वाटतं. मग म्हणाली, "वेंडेल, तू यात तोंड घालू नकोस. चांगलंही बोलू नकोस, वाईटही बोलू नकोस. बोलूच नकोस."

मी वचन दिलं. मी काउंटीच्या कचेरीत करासाठी लोकांच्या घरांची किंमत ठरवतो. नात्यातल्या माणसाचं घर आलं की फाइल दुसऱ्याकडे देतो. तटस्थ राहणं हा माझा पेशाच आहे.

गुरुवार, १५ जानेवारी

फोरमवर तीन तट पडलेत. एक बर्लचा. बर्ल म्हणजे माझा जुना मित्र, गावात औषधांचं दुकान चालवतो. त्याला टीमचा एखादा गाजलेला जुना खेळाडू हवा आहे. दुसरा तट टेक्सासमधल्या फोर्ट लोमॅक्सच्या कॉलेजातला लाइन कोच मक्कॉर्ड, त्याचा. मक्कॉर्डची लाइन खरोखर भक्कम आहे. तिसरा तट सगळ्यांनाच शिव्या देतो.

दुपारी कुणीतरी लिहिलं, "आपल्या फिल्म रूममधला हॉयट का नको?"

मी गप्पच राहणार होतो. पण विचार केला, उद्या कुणाला कळलं की मी त्याचा मेहुणा, तर माझं गप्प राहणं हाच पक्षपात ठरेल. म्हणून केवळ समतोलासाठी लिहिलं, "अनुभव शून्य. पडद्यावर बोट ठेवणं म्हणजे कोचिंग नव्हे. अर्थात, माझं चुकतही असेल."

धडाधड लाइक आले. हे वचनभंगात येतं का? स्वतःला विचारलं. येत नाही. वचन वेंडेलने दिलं होतं.

रविवार, १८ जानेवारी

चर्चनंतर सासूबाईंकडे जेवण. तळलेलं चिकन, कॉर्नब्रेड, पालेभाजी. पहिली तंगडी नेहमीप्रमाणे हॉयटच्या ताटात. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला कायम पंख येतो. तक्रार नाही, निरीक्षण.

सासूबाईंनी विचारलं की कुणाच्या पोराबद्दल इंटरनेटवर असलं लिहिणाऱ्यांना आया नसतात का. हॉयट हसला. म्हणाला, "जाऊ दे गं, त्यातला एक तर फार सभ्य आहे. आधी कानफटात मारतो आणि मग म्हणतो, माझं चुकतही असेल." सगळे हसले. मीही हसलो. जरा जास्त वेळ हसलो असं वाटतं.

मग मी म्हणालो की सार्वजनिक जागेसाठी सार्वजनिक चिकित्सा होणारच. लॉरेलने टेबलाखालून नडगीवर लाथ मारली. बुटाने.

मंगळवार, २० जानेवारी

बार्बेक्यूच्या हॉटेलात बर्लशी भांडण. तो मला न्यायमूर्ती म्हणतो. आज म्हणाला, "न्यायमूर्ती, तुमचा मक्कॉर्ड म्हणजे नुसती मोठी टोपी. खाली डोकं नाही." मी म्हणालो, तुझे माजी खेळाडू गुडघे बदलून घ्यायच्या वयाचे झालेत. तो म्हणाला, "त्यांचे बदललेले गुडघेसुद्धा तुझ्या कण्यापेक्षा ताठ आहेत." मग उकडलेल्या शेंगांचा वाडगा माझ्याकडे ढकलला. पाणी पँटवर. मी उठून आलो. बिल त्याने भरलं, म्हणजे नैतिक विजय माझा.

कारमध्ये बसल्यावर लक्षात आलं की आम्ही दोघांनी हॉयटचं नावही काढलं नव्हतं. अन्याय वाटला. घरी येऊन फोरमवर त्याच्याबद्दल आणखी दोन परिच्छेद लिहिले.

शनिवार, २४ जानेवारी

हॉयट घरी आला होता. लॉरेलला सांगत होता, मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत होतो. मुख्य कोच स्टॅनफिल त्याला म्हणाले, "पुढच्या रविवारपर्यंत थांब. कुणाला हो म्हणू नकोस." पण कहाबाला शुक्रवारी संध्याकाळपर्यंत उत्तर हवं आहे. हॉयट म्हणाला की तो थांबणार. "कोच शब्दाचा पक्का आहे, ताई. माझ्याशी खोटं बोलायचं त्याला कारण काय?"

लॉरेलच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही बरं वाटलं. खरंच वाटलं.

रात्री जेवणाआधी आत्मपरीक्षण. प्रश्न: मी हॉयटचा मत्सर करतो का? तो या टीमकडून खेळला, मी बँडमध्ये ट्यूबा वाजवत होतो. त्याला तंगडी, मला पंख. उत्तर: नाही. पुन्हा विचारलं. नाही. तिसऱ्यांदा विचारणं म्हणजे स्वतःचा अपमान, म्हणून थांबलो.

मंगळवार, २७ जानेवारी

फोरमवर 'बाहेरचा माणूस आणा' असा अर्ज फिरतोय. सह्या भराभर होतायत. मी तो लिहिलेला नाही. फक्त भाषा सुधारली. आणि मुद्दे. आणि मथळा.

शुक्रवार, ३० जानेवारी, दुपारी

विमान उडालं!

एका बड्या देणगीदाराचं छोटं विमान कोच स्टॅनफिल वापरतात. त्याच्या शेपटीवरचा नंबर इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे. कुठलीही जागा रिकामी झाली की आम्ही सगळे विमानं दाखवणाऱ्या वेबसाइटवर डोळे लावून बसतो. आज ऑफिसात एका खिडकीत कुणाच्या तरी गोठ्याची किंमत आणि दुसऱ्या खिडकीत ते इवलंसं पिवळं विमान. पश्चिमेकडे. मिसिसिपी ओलांडलं. लुईझियाना ओलांडलं.

फोर्ट लोमॅक्सला उतरलं. मक्कॉर्डच्या गावात.

घाई केली नाही. दुसऱ्या वेबसाइटवर खात्री केली. मग नकाशावर. मग लिहिलं, "विमान लोमॅक्सला उतरलं. मक्कॉर्ड आपला. विषय संपला." 'माझं चुकतही असेल' हे वाक्य पहिल्यांदाच लिहिलं नाही. हात मोकळा वाटला.

त्याच दिवशी, चार वाजता

रेडिओवर वाचून दाखवलं! "अड्ड्यावरचे विश्वसनीय जाणकार सांगतात..." जाणकार! गाडी बाजूला घेऊन ऐकलं.

बर्लचा फोन. म्हणाला, "अभिनंदन, न्यायमूर्ती. आता त्या टोपीला पोसा." पराभव पचवायची त्याला सवय नाही.

घरी आलो तर लॉरेल स्वयंपाकघरात उभी. हॉयट फोन उचलत नाही म्हणाली. मी म्हणालो, धक्का बसला असेल, वेळ दे. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. का, ते कळलं नाही.

शनिवार, ३१ जानेवारी

हॉयटने काल साडेपाचला कहाबाला होकार कळवला. त्याआधी कोचला पुन्हा पुन्हा फोन केले, म्हणे. उचलला नाही. इकडे रेडिओ ओरडतोय, विमान लोमॅक्सला उभं आहे. माणूस काय समजणार?

मनापासून वाईट वाटलं. पण बातमी देणाऱ्याला बातमीबद्दल दोष देता येत नाही. विमान मी चालवत नव्हतो.

रविवार, १ फेब्रुवारी

चर्चच्या पार्किंगमध्ये बर्लने गाठलं. रागाने लाल. कोचच्या सेक्रेटरीकडून त्याला सगळं कळलं होतं. तो बोलत गेला, मी गाडीचं दार धरून उभा राहिलो.

स्टॅनफिल मक्कॉर्डला भेटायला गेलेच नव्हते. लोमॅक्समध्ये आपल्या लाइनला हवा असलेला एक शाळकरी पोरगा आहे, दारातून वाकून आत येणारा. त्याला हॉयटने फिल्ममध्ये शोधलं होतं. पोराच्या आईची अट होती, माझ्या मुलाला हॉयटच शिकवणार हे मुख्य कोचने माझ्या घरात येऊन सांगावं. म्हणून ते गेले. त्या बाईंच्या घरात जेवताना फोन दाराशी टोपलीत ठेवायचे, असा नियम. कोचनी नियम पाळला, पाहुणचार घेतला, शब्द दिला. शनिवारी परत आले ते हॉयटचा करार घेऊन.

आणि मक्कॉर्ड? त्याला कुणी फोनसुद्धा केला नव्हता. पण आमचा गलबला ऐकून घाबरलेल्या त्याच्या कॉलेजने त्याचा पगार वाढवला.

बर्ल म्हणाला, "तुझ्या मेहुण्याची जागा पक्की होती, गाढवा. ती तू त्याच्या हातातून काढून घेतलीस." मी विचारलं, मी म्हणजे कोण? तो म्हणाला, "अरे तटस्थ बगळ्या, तुला काय वाटतं, असं लिहिणारे गावात दोन आहेत?"

लॉरेल गाडीत बसली होती. काच उघडी होती.

घरापर्यंत ती एकच वाक्य बोलली. "मी तुला फक्त गप्प बस म्हटलं होतं."

सोमवार, २ फेब्रुवारी

हॉयटला भेटलो. समजावून सांगितलं की माझा विरोध त्याला नव्हता, अंतर्गत बढतीच्या पद्धतीला होता. तो खोकी बांधत होता. म्हणाला, "मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, वेंडेल. त्याचं काही नाही. लोक काहीही लिहितात. पण शुक्रवारी तू 'माझं चुकतही असेल' लिहिलं नाहीस. म्हटलं, याला नक्की काहीतरी कळलेलं दिसतंय."

म्हणजे त्याचा माझ्यावर विश्वास होता. हा मुद्दा मी लॉरेलला सांगितला. सांगायला नको होता.

बुधवार, ४ फेब्रुवारी

आज शाळकरी खेळाडूंनी आपलं कॉलेज निवडून सह्या करायचा दिवस. लोमॅक्सचा तो पोरगा टीव्हीवर टेबलामागे बसला. दोन कॉलेजांच्या टोप्या समोर. बगळ्याची उचलली, पाहिली, खाली ठेवली, आणि खेचराची घातली. म्हणाला, "कोच हॉयट जातील तिथे मी."

फोरम पेटला. हॉयटला जाऊ कुणी दिलं? फिल्म रूममधला हिरा! ज्यांनी अर्जावर सह्या केल्या तेच आता स्टॅनफिलच्या हकालपट्टीचा अर्ज फिरवतायत. भाषा गचाळ आहे. सुधारावीशी वाटली. सुधारली नाही.

एक संतुलित खुलासा मात्र लिहिला. त्यात ओघात हॉयट माझा मेहुणा असल्याचं नमूद केलं, पारदर्शकतेसाठी. उत्तरं आली: "म्हणजे हा आधीपासून कहाबाला विकला गेला होता!" "मेहुण्याला तिकडे पोचवण्यासाठी इकडे बदनाम केलं!" "खेचर!" "खेचराचं शेपूट!" कुणीतरी माझ्या जुन्या पोस्ट काढून दाखवल्या की मी किती पद्धतशीरपणे हे घडवून आणलं. वाचताना क्षणभर मलाही पटलं. माझ्या हातून इतकं पद्धतशीर काही झाल्याचं कुणी पहिल्यांदाच म्हणत होतं.

मग मला फोरमवरून काढून टाकलं. कायमचं. कारणाच्या जागी लिहिलंय: पक्षपात.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

लाइनकडे आता कोच स्टॅनफिल स्वतःच पाहणार आहेत. हे योग्य की अयोग्य, यावर माझं मत आहे. सांगायला कुणी नाही. बर्लला फोन केला, त्याने दुकानातल्या मुलीकरवी कळवलं की तो गिऱ्हाइकात आहे.

सासूबाई हॉयटबरोबर जाणार हे ठरलं. लॉरेल रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जाते, अर्धा तास बसते. आज तिथून परत आली आणि कारमध्येच बसून राहिली. मी खिडकीतून पाहत होतो. बाहेर जावं का? गेलो तर काय बोलावं? तीन वाक्यं तयार केली. तिन्हींची सुरुवात 'तसं पाहिलं तर' अशी होत होती. तिन्ही सोडून दिली. गेलो, शेजारी बसलो, आणि काही बोललो नाही. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "हे महिन्यापूर्वी जमलं असतं तर."

हॉयटला निरोप पाठवला की सामान चढवायला मी येतो, जड बाजू माझी. त्याचं उत्तर आलं, "बरं."

उद्या: सातच्या आत सासूबाईंच्या घरी पोचणे, डीप फ्रीझर उचलायचा आहे.