दाजींचा एडका आणि माझ्या पोटातली गाठ

मु. चकलांबा, ता. गेवराई

तीर्थस्वरूप सोमेश्वर दाजी, मु. दिंद्रुड, यांना धाकटा मेहुणा बिभीषण (होय, तोच, मरायला टेकलेला) याचा दोन्ही पाय धरून नमस्कार. आमची संगीताअक्का, लेकरं, मेंढरं समदी खुशाल असतील. मी इकडं लईच खुशाल हाय. तुमी माझा फोन उचलत न्हाई म्हणून कागदावर लिहितो. कागद मधीच कट तर करता येत न्हाई.

दाजी, मी मरत न्हाई! पक्कं झालं! दोन महिन्यांमागं सोनोग्राफीत लिव्हरमधी नारळाएवढी गाठ दिसली, कागदावर 'कॅन्सरचा संशय' आलं आणि आमच्या घरात जित्यापणीच सुतक लागलं. साखरा (माझी बायको, जन्मभर मला आळशी म्हणत आली) मला देवमाणूस म्हणायला लागली, तवाच समजलो की आपलं काय खरं न्हाई. शेजारच्या सुंदररावांनी तर माझ्यादेखत माझ्या आठवणी सांगितल्या, त्यातल्या अर्ध्या दुसऱ्याच्या. मग मी वाटण्या केल्या. घोंगडी चुलत्याला, मोबाईल पुतण्याला, आणि जीव की प्राण असलेला माझा सरदार कुत्रा तुमाला. तुमी इतकं रडलात, इतकं रडलात, की मला राहवलं न्हाई आणि आठ वर्षांमागचं पाप तोंडातून निसटलं. तुमचा तो कपाळावर चांद असलेला एडका लांडग्यानं नेला नव्हता, आमी जत्रंला कापून खाल्लता. तुमचं रडू जाग्यावर थांबलं. सरदारला घेऊन जे उठलात, ते चहासुद्धा न घेता. (मरणाऱ्या माणसावर एवढा राग? असो.)

त्यानंतर संभाजीनगरला मोठ्या दवाखान्यात गेलतो. तिथंबी फोटो बघून दोघा डॉक्टरांनी मान हलवली. तिसऱ्या उज्ज्वला मॅडम. त्यांनी फोटो बाजूला ठेवला आणि धंदा काय करता, कुत्रं हाय का, किती जवळ असतं, असं विचारलं. मी छाती काढून सांगितलं की बाई, आमी एका ताटात जेवतो, तो माझं तोंड चाटतो. बाई खुर्चीतून उठल्याच! रक्त तपासलं, पुन्हा फोटो काढले, आणि निकाल लागला. कॅन्सर न्हाई! कुत्र्याच्या पोटातल्या जंताची अंडी माझ्या पोटात गेली आणि त्यांनी लिव्हरमधी गाठ धरली होती. अशी गाठ पाण्यानं भरलेली असती, पण माझी जुनी होऊन वाळून घट्ट झालती, म्हणून भल्याभल्यांना कॅन्सर वाटली. ऑपरेशनात अख्खी निघाली. वॉर्डातून बाहेर आलो तो कुस्तीचा फड जिंकून आल्यासारखा, एका हातात सलाईनची बाटली धरून.

पण आता नीट ऐका. मॅडम म्हणाल्या, मेंढराचं कच्चं काळीज खाल्लं की कुत्र्याला हा जंत होतो, तुम्ही टाकता का? मी म्हणलं, छे, काळीज आमी भाजून खातो, कुत्र्याला कोण देतंय! आणि बोलता बोलता मला आठवलं. टाकलं हुतं, दाजी. जन्मात एकदाच. तुमच्या एडक्याचं. तुमी शोधत शोधत बांधावर आलेले दिसलात, म्हणून पुरावा संपवायला काळीज, फुप्फुस, समदं कच्चंच सरदारपुढं ओतलं. म्हणजे तुमच्या एडक्यानं आठ वर्षं माझ्या पोटात बसून सूड घेतला. आता तरी राग सोडा की!

आपला,
बिभीषण

ता.क. देवमाणूस ही पदवी साखरानं ऑपरेशनच्या तिसऱ्याच दिवशी काढून घेतली.

ता.क. घोंगडी, मोबाईल मी परत मागितला न्हाई. फक्त सरदार द्या. त्याच्या बदल्यात माझ्या कळपातला सगळ्यात देखणा एडका तुमचा. सरदार गेल्यापासून मला घास गिळवत न्हाई. लोकांना सांगतो टाके दुखतात. सरदारसाठी निराळं ताट आणलंय, त्यावर नावबी घालून घेतलंय.

ता.क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात अक्काचा फोन आला. सरदार रोज तुमच्या ताटात जेवतो म्हणं, आणि तुमी त्याला कुणाला हात लावू देत न्हाई. दाजी, राग पुढच्या महिन्यात धरा. आधी सरदारला जंताची गोळी द्या, हात धुवा आणि उद्याच सोनोग्राफी काढा. मी एडका घेऊन आमच्या फाट्यावर उभा राहतो. सरदार देऊ वाटला न्हाई, तरी तुमी या.