रुमालावरच्या चिठ्ठ्या

मंगळवार, संध्याकाळ

अजून डोकं तापलेलंच आहे. बेंबळीच्या एक आजी आज ऑफिसात आल्या होत्या, वडिलांच्या जमिनीचा जुना फेरफार काढायला. साहेब ऐटीत म्हणाले, "आता सगळं कॉम्प्युटरवर आहे, दोन मिनिटांत निघेल." मी फोल्डर उघडलं तर हजारो फायली, आणि नावं काय, तर स्कॅन एक, स्कॅन दोन, स्कॅन तीन. गाव नाही, साल नाही. चार तास एकेक उघडत बसले. आजी समोर बाकावर.

शेवटी शेखचाचांना फोन लावला. रिटायर होईपर्यंत रेकॉर्ड रूम त्यांनीच सांभाळली. जुने कागद कापडी रुमालांत गुंडाळून ठेवलेले, आणि अशा प्रत्येक रुमालाला ते चिठ्ठी बांधायचे. गाव, साल, कशाचे कागद, आतल्या उर्दू पानांत कुणाची नावं, सगळं तिच्यावर. चाचा म्हणाले, "बेटा, चिठ्ठी बघ की. बेंबळीची लाल दोऱ्यानं बांधलीय."

काय सांगू त्यांना? स्कॅनिंगवाल्यानं रुमाल सोडून कागदांचा एकच ढीग केलाय. साहेब म्हणतात, कागद तर सगळे आहेत ना. आहेत हो. कुठं आहेत, ते कोण सांगणार?

पाच वाजता आजी उठल्या. "जाते बाई, गाडी चुकंल." माझ्यावर रागावल्याही नाहीत. रागवायला पाहिजे होतं. स्कॅनिंगवाल्यानं तेव्हा विचारलं होतं, "मॅडम, या चिठ्ठ्यांचं काय करू?" मोबाईलवरून मान वर न करता मीच म्हणाले होते, "टाका कचऱ्यात, मशीनमध्ये अडकतात."