स्वयंपाक – एक

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे खुर्चीतूनच, भाव साष्टांगच समजावा.) तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला? आमच्याकडे सर्व क्षेम आहे, असं लिहायची पद्धत आहे.

तुला ठाऊकच आहे, समाजशास्त्राच्या नव्या पाठ्यपुस्तकातलं ‘कुटुंब’ हे प्रकरण माझ्या गळ्यात पडलं. अट एकच, कुठलीही बाजू घ्यायची नाही. वर दोन तपासनीस, एक जुन्या वळणाचे, एक क्रांतिकारक. पहिल्यांनी ‘अन्याय’ खोडला, दुसऱ्यांनी ‘माया’. खोडता खोडता बारा पानांत ‘कुटुंबात माणसे राहतात’ एवढंच उरलं (त्यावरही ‘सर्वच?’ असा शेरा आला). शेवटी दोघे म्हणाले, मतं नकोत, निरीक्षण द्या. मग मी आठवडाभर आपल्याच घरात वही घेऊन बसलो आणि कोण किती कामं करतं याचा तक्ता केला. हिची पंधरा, माझी चौदा. दोन्ही तपासनीस आयुष्यात प्रथमच एकमताने खूश झाले.

मुद्रितं तपासण्यात हिचा हात कोणी धरणार नाही, म्हणून ती मीच हिच्यापुढे ठेवली. आपल्या हातांनी पायावर धोंडा. आठवडाभराचा दोन्ही वेळचा स्वयंपाक मी ‘स्वयंपाक – एक’ असा मांडला होता. माझ्या बाजूला ‘मीठ कमी असल्याचे सांगणे – एक’, ‘गॅस बंद केला का, हे विचारणे – एक’. ही चिडली नाही (चिडली असती तर परवडलं असतं). म्हणाली, “एकच काम आहे ना? मग या आठवड्यात ते तुम्ही करा.” आज चौथा दिवस. दोन पातेली करपली, बोट एक.

तक्ता सोमवारी छापायला जातो आहे आणि माझी अब्रू तुझ्या हाती आहे. मी लहानपणापासून घरकाम करत आलो, असं दोन ओळींत लिहून दे. तुझा शब्द ही मोडणार नाही.

तुझा धाकटा

ता. क. ते लिहून देऊ नकोस. आत्ता भांडी घासताना आठवलं, माझ्या परीक्षांच्या दिवसांत ताट तू वाढायचीस, उष्टंही तूच काढायचीस, आणि तुझी परीक्षा त्याच महिन्यात असायची. माझा पहिला नंबर आला, तुझं शिक्षण सुटलं. हे मी कुठल्याच वहीत मांडलं नाही. लाज वाटली, ताई.

ता. क. २. पत्र टाकायचं राहिलं, तेवढ्यात तक्ता नव्याने केला. हिची एकशे बारा, माझी दोन (हिने तपासून त्यातलं एक खोडलं). दोन्ही तपासनीस पुन्हा एकमताने म्हणतात, लेखक एका बाजूला झुकला आहे. प्रकरण गेलं तर जाऊ दे. भाताला पाणी किती घालायचं, ते मात्र उलट टपाली कळव.